आरशासारखा जोड

काळूरामने चहाचा कप नेमका नकाशावर टेकवला, आणि समृद्धीने तो दोन बोटांनी अलगद उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. कागदावर तपकिरी कडं उमटलं होतं. तिने ते रुमालाने टिपलं.

"राहू दे गं बाय," काळूराम म्हणाला. "तितं काय चीर-बीर नाय. तितला जोड माजा हाय."

"तुमचा जोड कुठला ते इचारायलाच बोलावलंय ना तुमाला?" पलीकडच्या खुर्चीतून सोनाबाई म्हणाली. "मंग आदी इचारू तरी द्या."

सोनाबाई नवऱ्याबरोबर जासईहून पनवेलला आली होती ती पहाऱ्यासाठी. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला काय काय ऐकवलं नव्हतं? मोरा बंदराच्या धक्क्याला लागलेल्या लाँचचं बूड त्याने पाण्याखाली, श्वास कोंडून, वेल्ड केलं होतं. पुरुषभर लांबीचा जिताडा मासा शेजारी थांबून तो उजेड बघत होता, आणि इतका दिपला की संध्याकाळी आपण होऊन जाळ्यात शिरला. एका वादळात गावच्या पाण्याच्या टाकीची गळती त्याने नुसत्या अंगठ्याने अडीच तास अडवून धरली होती. असल्या माणसाला अणुभट्टीवाल्यांसमोर एकटं सोडायला तिचा जीव धजेना. "तितं कागद आसतो," घरातून निघतानाच तिने बजावलं होतं. "कागदावर जिताडा चालत नाय."

गंमत अशी, की त्याच्या साऱ्या गोष्टींत एक खरी होती. बेचाळीस वर्षांपूर्वी, खाडीपलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात, काळूराम घरत नावाच्या तरुण वेल्डरने एका अणुभट्टीच्या पोटातल्या पिंपावर खरोखरच काम केलं होतं. भट्टी कुठली, ते जाऊ द्या. अजून चालू आहे, आणि तिच्या विजेवर कुणाच्या तरी घरचे पंखे फिरताहेत. पिंप मात्र नीट समजून घ्यायला हवं. माणसाच्या चौपट उंचीचं, दोन्ही तोंडांनी उघडं, स्टेनलेस स्टीलचं. त्याच्या आत भट्टीचा गाभा, आणि आतबाहेर सगळीकडे पाणी. पोलादाच्या रुंद पट्ट्या गोल वाकवायच्या, एकीवर एक चढवायच्या आणि जोडायच्या. असे सात आडवे जोड. वय झालं की जोडांच्या कडेला चिरा पडतात. म्हणून दर काही वर्षांनी भट्टी थांबवून आत बघावं लागतं. कुठे बघायचं आणि कुठे नाही, हे ठरवणं समृद्धीचं काम. नवीन पनवेलमध्ये, टायरच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, ती आणि तिचा वरिष्ठ स्वानंद गेले तीन महिने तेच ठरवत बसले होते. आराखडा आज संध्याकाळी पाठवायचा होता.

"काका, सगळीकडे नाही बघता येत," समृद्धी म्हणाली. तिने नकाशावरून हात फिरवला. गोल पिंप उभं कापून चटईसारखं उलगडलं तर जसं दिसेल, तसा तो नकाशा होता. सात आडव्या रेघा, वर शून्यापासून तीनशे साठपर्यंतचे अंश. रेघांचे काही तुकडे हिरवे, काही पिवळे. "अकरा दिवसांचा शटडाउन आहे. वर पुलावर उभं राहायचं, आणि वीस मीटर पाण्यातून दांड्याने खाली कॅमेरा आणि प्रोब सोडायचा. प्रोब जोडावर टेकला की आवाज सोडतो, आणि चिरेला आपटून तो परत येतो. हिरव्या तुकड्यांवर तो सरळ पोचतो. पिवळ्यांवर जरा कसरत आहे."

"आन ह्यो कोरा तुकडा?"

चौथ्या रेघेवर, उजव्या अंगाला, एक लांबट तुकडा पांढराच होता.

"तो दोन पाइपांच्या मागे आहे. तिथे जायला वेगळं यंत्र उतरवावं लागतं, त्यात दोन दिवस मोडतात. ते दोन दिवस आणायचे तर दुसरं काहीतरी सोडावं लागेल. म्हणून आजवर तिथे कुणी बघितलंच नाही."

"बघायची गरजही नाही," टेबलाच्या टोकाकडून स्वानंद म्हणाला. लॅपटॉपवरून त्याने मान वर केली नाही. "कॅल्क्युलेशनने तो भाग सेफ येतो."

स्वानंदला हा सारा उद्योगच पटलेला नव्हता. चौथ्या जोडावर चार वेल्डरांचे शिक्के नोंदलेले होते. तिघे वारले होते, उरला हा. आणि त्या कारखान्यातल्या एका निवृत्त फोरमनने फोनवर काळूरामची शिफारस केली होती ती अशी: "घरत? हात सोन्याचा. पण तो जे सांगेल त्याला दहाने भागा."

"त्या पिंपाचं सांगतो तुला," काळूराम खुर्चीत पुढे सरकला. "ते मी एकल्यानं जोडलं. सात दिस, सात रात्री. झोप आली का डोल्यांत मीठ चोलायचं—"

"डिव्हाइड बाय टेन," स्वानंद पुटपुटला.

सोनाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिने मान डोलावली.

समृद्धी हसली नाही. तिने लॅपटॉप स्वानंदच्या हाताखालून ओढून घेतला आणि म्हाताऱ्यांकडे वळवला. "काका, हे मागच्या वेळचं शूटिंग आहे. तुम्ही केल्यानंतर ते कधी बघितलं नसेल ना?"

आधी पडद्यावर काहीच दिसेना. मग ध्यानात आलं, की जे दिसतंय तेच पाणी आहे. इतकं नितळ, की ते नसल्यासारखंच. कॅमेरा खाली खाली निघाला होता, आणि तळातून एक निळा उजेड वर येत होता. तो दिव्याचा नव्हता. आभाळाचाही नव्हता. भाद्रपदात काळोख्या खाडीत वल्हं मारलं की पाण्यातून जो उजेड सांडतो, त्याचा हा कुणी थोरला, न बोलणारा भाऊ असावा.

"ह्यो दिवा कुठला?" काळूरामने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

"दिवा नाही काका. इंधनाचा उजेड आहे. भट्टी बंद केली तरी पाण्यात असा राहतो."

काळूरामने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि नाकावर चढवला. पिंपाची भिंत कॅमेऱ्यासमोरून सरकत होती, संपता संपत नव्हती. ही भिंत त्याने पत्र्याच्या शेडमध्ये पाहिली होती. तिला टेकून तो बिडी ओढायला बसला होता. तिच्या कडेवर डबा ठेवून त्याने सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली होती. आणि आता तिच्याजवळ कोणी माणूस जाऊ शकत नव्हता. ज्यांनी ती बांधली तेही नाहीत, ज्यांची ती होती तेही नाहीत. मधे वीस मीटर पाणी, आणि त्या पाण्याच्या भरवशावर वर उभे असलेले लोक.

त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सोनाबाईने हे पाहिलं. बोलायला घेतलेली गोष्ट त्याने गिळलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

चौथा जोड आला. पोलादावर तपकिरी साय धरली होती, पण तिच्याखाली वेल्डच्या बारीक लाटा स्पष्ट होत्या. माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढलेल्या.

"थांबव," काळूराम म्हणाला. "मागं घे जरा. हां. ह्यो रामूचा हात."

"कुणाचा?"

"रामूचा. डावखुरा व्हता. बग ना, समद्यांची खवलं हिकडं कलतात. ह्याची तिकडं. आन दर वीतभर झालं की एक खवला मोटा. तितं तो श्वास सोडायचा."

स्वानंद उठून पाठीमागे आला. समृद्धीने पडद्यावरचे अंश वाचले, मग जुनी नोंदवही उघडली. वहीच्या झेरॉक्स पानांना कुबट वास येत होता. तिचं बोट ओळींवरून उतरत गेलं आणि थांबलं.

"दोनशे अठरा अंश," ती म्हणाली. "शिक्का आर-चार. रामू ठाकूर."

खाली टायरच्या दुकानात कुणीतरी लोखंडी रिम जमिनीवर टाकली, तिचा आवाज बराच वेळ गोल गोल फिरत राहिला.

"रामूला जाऊन बारा वर्सं झाली," सोनाबाई म्हणाली. "आन त्याचा हात तितं तसाच हाय?"

"तसाच आहे, काकू."

सोनाबाईने पदर डोक्यावरून नीट घेतला, पडद्याकडे बघत.

एवढा मान मिळाल्यावर काळूराम गप्प राहील, तर तो काळूराम कसला. त्याच्या अंगात चाळीस वर्षांची गोष्ट परत भरली. "रामूचा चांगलाच," तो म्हणाला, "पन माजा बगितला आसतास तर बाकीच्यांचं तोंड बगितलं नसतंस. माजा त्या दोन पायपांच्या मागं हाय. फोरमन बोलला, घरत, इतं पाइपं लागनार, कोन बगनार हाय, ऱ्हाऊ दे तसाच. मी बोललो, साहेब, आमी आगरातली मानसं. आमचा बाप मिठागराचा तल पायानं तुडवायचा. दिस-दिसभर. तल खडबडीत ऱ्हायला तर उनानं चीर पडते, आन चिरंतून सगलं खारं पानी जमिनीत जातं. तल कसा पायजे? तोंड दिसंल आसा. म्हनून मी काय केलं, ग्रायंडर घेतला आन अंग टाकून घासला. खवला नाय ठेवला एक. आरसा! मी मिशी कातरली त्याच्यात बगून."

समृद्धीची पेन्सिल कागदावर थांबली होती.

"जोरात घासलात?"

"जोरात म्हंजे? चक्र्या लाल व्हायच्या."

"जोडाच्या कडेला पण?"

"दोनी कडंला. बोट फिरवलंस तर जोड कुठं हाय ते सांगता येनार नाय."

तिने स्वानंदकडे पाहिलं. स्वानंदने चष्मा काढून डोळे चोळले. "नोंदीत ग्राइंडिंगचा उल्लेख नाही," तो म्हणाला.

"तेव्हा लिहीतच नसत, सर."

"काय झालं?" काळूरामने विचारलं. कौतुक व्हायला एवढा वेळ लागायला नको होता.

समृद्धीने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "काका, त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं," तिने सुरुवात केली, आणि एवढ्यावरूनच त्याला कळलं की पुढे येणारं काही बरं नाही. "वेल्ड करताना कडेचं पोलाद तापतं, आणि तापून थोडं नाजूक होतं. ते तसंच सोडलं तर बहुतेक वेळा टिकतं. पण त्याच्यावर जोरात ग्राइंडर चालवला, की पोलादाची वरची कातडी ताणली जाते. ढोलाच्या कातड्यासारखी. दिसायला गुळगुळीत, पण आतून ताठ. मग वर्षानुवर्षं गरम पाणी त्यावरून वाहतं. चिरा पहिल्यांदा तिथेच सुटतात."

"म्हंजे रामूचा—"

"रामूंचा खडबडीत आहे. म्हणून तो अजून चांगला आहे."

काळूरामने आपले हात मांडीवर घेतले. बोटं अजून जाड होती, नखांच्या मुळाशी जुन्या भाजल्याचे पांढरे ठिपके. त्याने उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर चोळला, जसा कुणी पोलादाचा गुळगुळीतपणा तपासतो तसा.

खालच्या रस्त्याने जेएनपीटी बंदराकडे कंटेनर चालले होते. त्याच्या बापाचं आगर जिथे होतं तिथे आता हेच कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असत. गावात काळूरामला काही नव्हतं. जमिनीचे पैसे भावांत वाटले गेले, पोरं आपापल्या घरी गेली. त्याच्याकडे एक जोड होता. लग्नात, बारशाला, कट्ट्यावर, मयताहून परत येतानासुद्धा लोक म्हणायचे, तात्या, तो आरसा सांगा. आणि तो सांगायचा.

"आगं बाय," तो हसला. हसू नीट बसलं नाही. "तू तं खरंच धरून बसलीस. ती थाप व्हती. आमी आसंच बोलतो. हिला इचार. मी काय घासलं-बिसलं नाय."

स्वानंदने सुटकेचा श्वास सोडला. "मला वाटलंच होतं." तो जागेवर जाऊन बसला. "मग मिटलं. कोरं आहे ते कोरंच राहू दे. मी पाठवून टाकतो, चारच्या आत जाईल."

त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. समृद्धीने पेन्सिल खाली ठेवली. थाप कुठली आणि थापेची थाप कुठली, हे ओळखायला तिच्याकडे कुठलंच यंत्र नव्हतं.

"थांबा, साहेब," सोनाबाई म्हणाली.

ती काळूरामकडे बघत नव्हती. समोरच्या नकाशावरच्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत होती.

"यांनी घासलं. हे खरं हाय."

"तू गप," काळूराम म्हणाला.

"त्रेचाळीस वर्सं गपच हाय मी." मग समृद्धीला: "लगीन होऊन वरीस व्हायचं व्हतं. सासूसासरे घरात. हे कामावरनं आले, आन हात मिटंना. दोनी हात आसे कापायचे, मशीन अजून हातातच हाय जसं. भाकरी धरता येईना, तांब्या धरता येईना. सासू बोलली, दारू प्यायला. मी बोलले, नाय, वास नाय. रातीला सगले झोपल्यावर मी घास भरवले. नवी नवरी मी. लाज वाटायची, पन उपाशी ठेवू काय मानसाला?"

काळूरामने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या चाळीस वर्षांच्या गोष्टीत हा भाग एकदाही आला नव्हता.

"किती दिवस, काकू?" समृद्धीने हळू विचारलं. "किती दिवस घास भरवलेत?"

"तीन. चवथ्या दिवशी यांनी डाव्या हातानं खाल्लं."

"म्हणजे तीन दिवस घासत होते."

"दोन दिस पुरं," काळूराम खिडकीकडे बघतच म्हणाला. "तिसऱ्या दिशी दुपारपावेतो. चक्री फुटली, मंग फोरमननं मशीन काढून घेतलं."

"दिवसाला किती व्हायचं?"

काळूरामने खिडकीवरची नजर काढली. मग वळला, उजवं कोपर टेबलावर टेकवलं आणि बोटं सरळ ताठ केली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. "एवडं. एक हात. जास्त नाय."

"अडीच हात," समृद्धी म्हणाली.

"अडीच हात. रामू संपला, तितून एक वीत सोडायची. तितून मोज."

तिने मोजलं. एक हात म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर धरले, परिघाने भागले, अंश काढले, आणि त्या पांढऱ्या पट्टीवर लाल पेन्सिलने दोन उभ्या रेघा मारल्या. रेघा दोन्ही पाइपांच्या बरोबर मागे आल्या. स्वानंद पुन्हा उठून आला होता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"सहाव्या जोडाची दुसरी फेरी वगळावी लागेल," अखेर तो म्हणाला.

"वगळू या. मागच्या दोन्ही वेळेला तो स्वच्छ होता."

"आणि वर विचारतील, एवढा बदल कशाच्या आधारावर? सोर्स काय लिहिणार?"

समृद्धीने लिहायला घेतलं आणि थबकली. "वेल्डरचं निवेदन," ती म्हणाली. मग सोनाबाईकडे बघून पुढे एक ओळ वाढवली. "दुजोरा: सोनाबाई घरत, पत्नी."

"माजं नाव कशाला त्यात?" सोनाबाई दचकली.

"कागदावर तुमचंच चालेल, काकू," स्वानंद म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला.

परतीच्या बसमध्ये नवराबायको शेजारी बसले. कंडक्टर गावचाच होता. "काय तात्या, आज काय सांगता?" त्याने विचारलं. काळूरामने सुट्टे पैसे पुढे केले आणि म्हणाला, "दोन जासई."

भट्टी थांबली ती मार्गशीर्षात. फोन आला तेव्हा सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं, आणि सोनाबाई सूप मांडीवर घेऊन भिजवलेले वाल सोलत बसली होती. काळूराम उंबऱ्यावर होता. फोन त्याने दोन्ही हातांनी कानाला धरला.

"काका," समृद्धीचा आवाज लांबून येत होता, मागे कसलीशी घरघर होती. "काल रात्री यंत्र पाइपांच्या मागे पोचलं. सापडली. तुम्ही सांगितलेल्या अडीच हातांच्या आतच. साडेसात सेंटिमीटर लांब आहे, पण खोल नाही. भट्टी चालेल. आता ती कुठे आहे हे माहीत आहे, त्यामुळे दर वेळी मोजत राहू. बघितलीच नसती, तर..." तिने वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाली, "बाकीचा जोड चांगला आहे, काका. सगळे विचारत होते, हा कुणाचा हात म्हणून."

काळूराम "बरं बाय" एवढंच म्हणाला. फोन बंद झाल्यावरही तो त्याने थोडा वेळ हातातच ठेवला. अंगणापलीकडे विजेच्या तारेवर दोन साळुंक्या बसल्या होत्या. त्या तारेकडे तो बघत राहिला. पोलादाच्या त्या खोल, निळ्या घरातून निघालेलं काहीतरी कुठून कुठून फिरत अशाच कुठल्या तारेतून जात असेल, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, आणि तिथल्या कुणालाही ठाऊक नसेल.

"काय बोलली?" सोनाबाईने विचारलं.

"चीर सापडली."

तिचे सोलणारे हात थांबले. "केवडी?"

काळूरामचे दोन्ही हात आपसूक वर आले, छातीपुढे, एकमेकांपासून चांगले दूर. ते तसे क्षणभर हवेत राहिले. मग त्याने डावा हात खाली घेतला. उजव्या हाताची चार बोटं जुळवून त्याने सुपाच्या काठावर आडवी टेकवली आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघितलं.

मग त्याने करंगळी अर्धी मिटली.